सावली चुकवणारे काका

हर्सूलला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहतो, त्या काकांनी मला हात दिला. हे आधी लिहून टाकते. काय झालं ते सांगायला बसलं की माणूस आपलंच गाऱ्हाणं सांगत सुटतो आणि ज्यानं मदत केली तो शेवटच्या ओळीत घाईघाईनं येतो. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांना ते चालायचं नाही. गल्लीत सगळे त्यांना 'सर' म्हणतात, तेच त्यांना चालत नाही.

"सर नाय हो मी," दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत प्रत्येकाला ते सांगतात. "सरांच्या मागं उभा राहायचो."

ते अगदी खरं आहे. शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. तास सुरू व्हायच्या आधी टेबलावर भिंगं, तारा, बॅटऱ्या मांडायच्या; सर शिकवायला लागले की भिंतीला टेकून मागं उभं राहायचं; सरांनी नुसता हात मागं केला की त्या हातात हवी ती वस्तू द्यायची; तास संपला की सगळं पुसून कपाटात. अशी चौतीस वर्षं. एकच तास माणसानं चौतीस वर्षं ऐकला की तो पाठ होतो, आणि कुठं चुकतोय तेही कळायला लागतं. मी एकदा विचारलं, मग तुम्ही सांगायचा नाहीत का चुकलं ते? ते म्हणाले, मधे बोलायचं नसतं.

मी सांगली जिल्ह्याच्या टोकाची, जत तालुक्यातली. इथून गावी जायचं म्हणजे एसट्या बदलत पुरा दिवस जातो. आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं आणि पावसाला माघारी यायचं. मी सहावीत होते तेव्हा आईचा पाय मोडला, कळपामागं माणूस कमी पडलं आणि मी अर्ध्या वर्षातून उठले. नंतर शाळेत बसायचं राहूनच गेलं. त्यामुळं मला भीती बऱ्याच गोष्टींची वाटते. फॉर्मची, लिफ्टची, "शिक्षण किती" असं लिहिलेल्या रकान्याची. नवरा वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला म्हणून आम्ही इकडं आलो. पोरगी इथल्या शाळेत पहिलीला बसली आणि दरवर्षी त्याच शाळेत पुढच्या वर्गात गेली. त्याचं मला जे अप्रूप होतं ते कुणाला सांगून कळलं नसतं.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले तर काका तिथं ओणवे होऊन कठड्याच्या कडेनं चालत होते. मला वाटलं कंबर धरली असेल. पण जिना उतरून खाली आले ते ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. शेजारच्या चाचींना विचारलं तर त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "वो ऐसेइच है बेटा. खुद की परछाई से बचते फिरते."

काकांच्या गच्चीवर सोलरच्या आठ प्लेटा आहेत. जिना पूर्वेला, त्यामुळं सकाळी वर येणाऱ्या माणसाची सावली थेट प्लेटांवर पडते. ती पडू नये म्हणून ते स्वतःच्या घराच्या गच्चीवर चोरासारखे चालायचे. आम्हालाही तसंच चालायला लावायचे. धुणं पश्चिमेच्या कठड्याला, तेही दुपारच्या आत काढायचं. पोरगी हे दोन दिवसांत शिकली आणि त्याचा तिनं खेळ केला. मी लाजत वाकायचे. नवऱ्यानं साफ सांगितलं, भाडं देतो ते वाकायला नाही. तो वर जायचाच बंद झाला.

दुसरी सवय विजेची. मी सकाळी सातला मिक्सरवर चटणी फिरवली की दारावर टकटक व्हायची.

"बाई, शिळी वीज कामून वापरता? चार तास थांबा, ताजी येती."

ताजी म्हणजे अकरा ते दोन या वेळातली, डोक्यावरच्या प्लेटांतून आलेली. शिळी म्हणजे कुठंतरी लांब कोळसा जाळून केलेली आणि खांबाखांबांवरून आलेली. तारेतून येताना दोन्ही सारख्याच, बटण दाबणाऱ्याला फरक कळायचा नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांची इस्त्री बाराला, मिक्सर साडेबाराला, पाण्याची मोटर एकला. पाहुणा अवेळी आला तर त्याला चहा गॅसवर, आणि वर माफी. मुलगा पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन आला की काका तब्येत नंतर विचारतात, आधी तिकडं ढग आहेत का ते.

उन्हाळ्यात त्यांचा चेहरा पडलेला असायचा. सगळं शहर घामानं भिजून म्हणायचं, सोलरवाल्यांची चंगळ आहे. काका चिडायचे. प्लेटला उजेड लागतो, ऊब लागत नाही; ऊब तिला सोसतच नाही, अंग तापलं की एवढ्या उजेडातही ती मागं राहते. हे ते भाजीवाल्याला सांगायचे, नळ दुरुस्त करायला आलेल्याला सांगायचे. गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आणि वीज करायचं सोलर यांत कुणी घोटाळा केला की त्या माणसाला अर्धा तास जाता यायचं नाही. जानेवारीतल्या एखाद्या गार, निवळ दुपारी मात्र ते खुशीत असायचे. स्वेटर घालून जिन्यातल्या पांढऱ्या डब्यासमोर उभे राहायचे आणि प्लेटा किती वीज करतायत तो त्याच्यावरचा आकडा बघायचे. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर कळली. दुपारी उन्हातच ते तलावाच्या बाजूला फिरायला जायचे तेव्हा वाटेतल्या घरांच्या प्लेटा बघत जायचे. कुणाच्या प्लेटवर नारळाची झावळी यायची, कुणाच्या टाकीची सावली पडायची. मग घरी येऊन चिठ्ठी लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या घराच्या फाटकात खोचून यायचे. 'दुपारी दोनला झावळीची सावली येते. छाटावी.' खाली सही नाही. चिठ्ठी वाचून कुणी झावळी छाटली तर ते आठवडाभर त्याच रस्त्यानं फिरायचे.

गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि पुढं मिळालं नाही. दोन महिने तो गेटवर जाऊन येत होता. मग एक दिवस म्हणाला, पोरीची परीक्षा झाली की गावी जाऊ, तुझ्या थोरल्या भावाला कळपामागं माणूस पाहिजेच आहे. त्याचंही चुकीचं नव्हतं. इथं बसून खायचं काय? पोरगी पाचवीत होती. शाळेचं विचारलं तर म्हणाला, तिकडं काय शाळा नाहीत? शाळा आहेत. पण कळप एका गावात थांबत नाही आणि शाळा गावातून हलत नाही. पाचवी झाली की सहावी. त्या आकड्याचीच मला धास्ती होती. इथं राहायचं तर मला काम पाहिजे होतं आणि मला कोण काम देणार, हे काही कळत नव्हतं.

मार्चच्या शेवटाला मी कुरडया करायला घेतल्या. रानात राहायला गेल्यावर कुठलं वाळवण होतंय, जाताना डबा भरून न्यावा म्हणून. गहू तीन दिवस भिजवले, चीक काढला, शिजवला, आणि सकाळी सोऱ्यानं गच्चीवर घालायला बसले. पश्चिमेच्या कडेला साडी अंथरली होती. ती भरली आणि बाराएक कुरडयांचा चीक उरला. इकडंतिकडं बघितलं. प्लेटा समोरच होत्या. काका रोज पहाटे पुसतात, त्यामुळं ताटासारख्या स्वच्छ. काच कोमट झालेली. वर जमिनीपासून उंच, धूळ लागायची भीती नाही. आणि त्यांच्यावर चौकोन आखलेलेच असतात. मला वाटलं बरं झालं, रांग सरळ येईल. खालच्या ओळीत एका चौकोनावर एक, अशा एका प्लेटवर सहा आणि दुसरीवर सहा. वाकून घातल्या, माझी सावली पडू दिली नाही. इतकी काळजी घेतली.

अकराच्या सुमाराला काका वर आले. जिन्यातला आकडा घसरलेला बघून आले होते. ओणवेच आले, प्लेटांपाशी थांबले आणि कुरडयांकडं बघत राहिले. मी पळत जाऊन उचलायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. हात लावू नका. कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

कुणी नाही, म्हटलं, साडी संपली. ते खाली गेले आणि वही, पेन, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. मला म्हणाले, तुम्ही जिन्यात उभ्या राहा, डब्यावरचा आकडा मोठ्यानं वाचा. मग ते वरून एक कुरडई उचलायचे आणि ओरडायचे, "काढली." मी आकडा ओरडायचे. पहिली काढली, आकडा होता तिथंच. दुसरी काढली आणि आकडा एकदम वर गेला. तिसरी काढली, काही नाही. चौथी काढली, पुन्हा उडी. चाचींनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "क्या लिलाव चल रा जी?" पण आम्हाला सवड नव्हती. एका प्लेटच्या सहा कुरडया झाल्यावर त्यांनी त्या परत घातल्या, चौकोन मोजून, आणि मग उलट्या बाजूनं काढायला सुरुवात केली.

सगळं झाल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. प्लेटमधली ही जी घरं दिसतात ती एकामागं एक जोडलेली असतात, एकाची वीज दुसऱ्यातून पुढं जाते, म्हणाले. एका घरावर सावली पडली की ते नुसतं आपलं काम थांबवत नाही, मागच्या सगळ्यांचा रस्ता अडवतं. मला लगेच कळलं. बांधाच्या खिंडीतून मेंढरं एकेक करून जात असतात आणि मधलंच एक बसतं, तेव्हा मागची सगळी तिथंच मुंडी घालून उभी राहतात. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, व्हय, तेच. म्हणून प्लेट करणारे शेजारून पळवाट ठेवतात. दोन उभ्या ओळींना मिळून एक पळवाट. त्या दोन ओळींत एक जरी कुरडई असली तरी दोन्ही ओळी बाजूला पडतात आणि बाकीची वीज पळवाटेनं निघून जाते. म्हणून एक काढून उपयोग नव्हता, दोन काढल्या की तो हिस्सा जागा व्हायचा.

"कॉलेजात काळा कागद लावून हे दाखवायचो," ते म्हणाले. "कुरडईनं जेवढं साफ दिसलं तेवढं कागदानं कधी दिसलं नाय."

नंतर त्या बारा कुरडया मी तळून त्यांना नेऊन दिल्या. त्यांनी खाल्ल्या नाहीत. प्रयोगातली वस्तू तोंडात घालायची नसते, असा प्रयोगशाळेचा नियम. ताट चाचींकडं गेलं.

पण त्याच दिवशी, वही मिटताना, त्यांनी विचारलं होतं की एवढ्या कुरडया कशाला. मी सांगितलं, आम्ही मे महिन्यात खोल्या सोडतोय. त्यांनी विचारलं, आणि पोरगी? मी म्हटलं, कळप जिथं, तिथली शाळा. म्हणजे कुठली? मी सोऱ्या पुसायला घेतला. त्यांनी वही परत उघडली. वहीत तारीख घालायची राहिली होती, ती घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दार वाजवलं आणि माझ्या हातात मऊ ब्रश आणि बादली दिली. वर चला, म्हणाले. असं दीड महिना चाललं. रोज एक गोष्ट. प्लेट धुवायची ती ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. साबण नाही, बोअरचं खारं पाणी नाही, डाग राहतात. कोरडं फडकं घासायचं नाही, धुळीनंच काच खरवडते. जोडाची तार उन्हात ओढून काढायची नाही, ठिणगी उडते आणि ती विझत नाही.

"घरातला बल्ब बंद करता येतो. प्लेट बंद करता येत नाय. सूर्याला बटण नाय," ते म्हणाले.

मग प्लेटला झोपवायचं कसं? झाकायचं. त्यांच्याकडं एक जुना पडदा होता, त्यातून उजेड झिरपायचा. मी खालून माझी घोंगडी आणली. ती घातल्याबरोबर त्यांच्या हातातल्या छोट्या मीटरचा काटा खाली बसला. त्यांनी घोंगडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला आणि ही कुठं मिळते ते लिहून घेतलं.

उन्हाची वीज होते कशी, ते त्यांनी पहिल्यांदा पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं. सिलिकॉन, दोन थर, आणखी काय काय. मी मान हलवत होते. त्यांना कळलं की मी नुसतीच मान हलवतेय. ते थांबले आणि विचारलं, मेंढरं कोंडता कशात? वाघरात, म्हटलं. वाघर म्हणजे जाळ्यांचं कुंपण. त्यांनी गच्चीवर खडूनं वाघर काढलं. म्हणाले, प्लेटचं एकेक घर म्हणजे असं वाघर, वाळूतून काढलेल्या सिलिकॉनच्या दोन पातळ थरांचं. आत बारीक बारीक मेंढरं बसलेली. उजेड येतो आणि ढुसणी देतो. एक ढुसणी, एक मेंढरू उठतं. दोन थरांच्या मधे उतार केलेला आहे, उठलेलं मेंढरू त्या उतारानं खालच्या अंगाला जातं. एकदा गेलं की चढ चढून माघारी येता येत नाही. मग परत जागेवर यायला एकच रस्ता उरतो, बाहेरून. तो रस्ता म्हणजे तार. वाटेत पंखा आहे, मिक्सर आहे. त्यांना फिरवून मेंढरं पुन्हा वाघरात येतात.

मी विचारलं, म्हणजे एकही मेंढरू कमी होत नाही? नाही, म्हणाले. मग खर्च काय होतं?

काका खडू हातात धरून उभे राहिले. मग खडू खिशात घालून जिना उतरून गेले. मला वाटलं मी काहीतरी वेडंवाकडं विचारलं. दुसऱ्या दिवशी आले ते दारातूनच बोलत आले. "ढुसणी खर्च होती. उजेड मेंढराच्या अंगात जातो, मेंढरू तो पंख्याला देऊन टाकतं आन् रिकामं घरी येतं. कालच सांगायला पायजे होतं, पण ह्या अंगानं मी इचारच केला नव्हता."

जिन्यातला पांढरा डबा त्यांनी ताकावर समजावला. प्लेटची वीज एकाच दिशेनं चालते, घरातल्या यंत्रांना मागंपुढं जाणारी लागते. ताक घुसळताना रवीची दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढतो. एकाच हातानं ओढत बसलं तर दोरी हातात येईल आणि रवी थांबेल. तो डबा म्हणजे हात बदलणारा. सेकंदाला पन्नास वेळा पुढं, पन्नास वेळा मागं. हे ऐकून पोरगी दिवसभर हात हलवत हिंडत होती.

हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांनी मला मेच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. नवऱ्यानं तोवर गॅसची शेगडी आणि सिलेंडर कुणाला द्यायचं ते ठरवलं होतं. जटवाड्याच्या रस्त्याला मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याच्या गच्चीवर खूप प्लेटा आहेत आणि त्यांची वीज वर्षभर कमी पडत चाललीय. तिथल्या मॅडम देखभालीला माणूस शोधत होत्या. आयटीआय झालेला पाहिजे, असं फाटकावर लिहिलं होतं. मी म्हटलं, मग मी कशी जाऊ? काका म्हणाले, पायी, लांब नाय.

ते सोबत आले. इस्त्री केलेला शर्ट, बाराच्या विजेवर केलेली इस्त्री. मॅडमच्या खोलीत प्लेटा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअरही बसला होता. त्याचं म्हणणं, प्लेटा थकल्यात, काही बदलाव्या लागतील. मॅडमनी मला शिक्षण विचारलं. मी घरून दहावी म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "सहावी. तीपण अर्धी."

मॅडमनी काकांकडं बघितलं आणि विचारलं, फाटकात त्या चिठ्ठ्या खोचणारे तुम्हीच का? काका भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मला नका विचारू. मी मागं उभा हाय."

मी घाबरूनच बोलले, पण बोलले. म्हटलं, मॅडम, मला एक दिवस तुमच्या गच्चीवर बसू द्या. दुसरं काही नको. दिवसभर एका जागी बसून सावली कुठून कुठं सरकते ते बघणं, हे एक काम मला लहानपणापासून येतं. कळप दुपारी कुठं बसवायचा ते त्याच्यावरच ठरतं. इंजिनीअर हसला. मॅडमना त्यात काही खर्च नव्हता, म्हणून त्या हो म्हणाल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी सहाला मी भाकरी बांधून गेले. आठपर्यंत काही नाही. नऊला मुली बादल्या घेऊन वर आल्या. त्यांनी टाकीपासून प्लेटांच्या पायांपर्यंत दोऱ्या ताणल्या होत्या, त्यांच्यावर चादरी, ओढण्या, सलवारी पडायला लागल्या. प्लेटांच्या ओळीच्या ओळी सावलीनं झाकल्या गेल्या. मी खडूनं खुणा करत गेले. एक वाजेपर्यंत सगळं वाळलं आणि मुली कपडे काढून घेऊन गेल्या. तीनला मॅडम फेरीला आल्या तेव्हा गच्ची लख्ख होती. इंजिनीअरही नेहमी जेवण करूनच यायचा. वर्षभरात सकाळी तिथं बसलेलं कुणी नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी मी हे सांगितलं. इंजिनीअर म्हणाला, कपड्याच्या सावलीनं असं कितीसं होणार. मी म्हटलं, दाखवते. मॅडम स्वतः खाली डब्यापाशी उभ्या राहिल्या, एका मुलीला त्यांनी जिन्यात ठेवलं आकडा वर ओरडायला. मी गच्चीवर प्लेटांपुढं उभी, समोर आठ-दहा मुली, बाजूला इंजिनीअर. काका माझ्या मागं. कुठून सुरुवात करू ते सुचेना, म्हणून मी बोलत बोलत हात मागं केला. हातात काळं फडकं आलं, घडी करून, बरोबर एका घराच्या मापाचं. मी काही मागितलं नव्हतं. मी ते खालच्या ओळीत ठेवलं. खालून आकडा आला. पुन्हा हात मागं केला, दुसरं फडकं आलं. मग खडू आला. खिंडीतलं मेंढरू, पळवाट, दोन ओळींचा हिस्सा, सगळं मी सांगितलं. एक मुलगी वहीत उतरवून घेत होती. मधे एकदा मी डावीकडं म्हणायच्या जागी उजवीकडं म्हटलं. मागून काही आवाज आला नाही. परत येताना रिक्षात मात्र त्यांनी सांगितलं, दोन चुका झाल्या. एक तीच, दुसरी मला अजून समजलेली नाही.

दोऱ्या दुसऱ्या कठड्याला गेल्या आणि वीज पुन्हा पहिल्यासारखी यायला लागली. पंधरा दिवसांनी मॅडमनी मला बोलावून घेतलं. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच काहीतरी लिहिलं, मी वाचलं नाही. आता मी रोज पहाटे तिथं जाते. नवरा महिनाभर घुम्यासारखा राहिला, मग त्यानं लोडिंग रिक्षा चालवायला घेतली. शेगडी कुणाला दिली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पोरगी सहावीच्या वर्गात जाऊन बसली. मी फाटकाबाहेर उगाच थोडा वेळ उभी होते. तिथून पेढे घेऊन काकांकडं गेले. पाया पडले तर ते दोन पावलं मागं सरकले. मी म्हटलं, "काका, हे मी कसं फेडू?"

त्यांना असलं काही आवडत नाही. त्यांनी पेढा घेतला, खिडकीतून ढग बघितले आणि विचारलं, तुमचे भाऊ रानात असतात, त्यांचा मोबाईल कशावर चार्ज होतो? मी सांगितलं, प्लेटवर. हातभर लांबीची छोटी प्लेट मिळते, ती सामानाच्या घोड्याच्या पाठीवर बांधलेली असते. चालता चालता मोबाईल भरतो.

काका पेढा हातात धरून बसले. घोडं कुठल्या दिशेला चालतं, त्यांनी विचारलं. जिकडं चारा, तिकडं. मग प्लेट उन्हाकडं राहते कशी? मी सांगितलं, भाऊ ती रोज वाट बघून बांधतो, कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या, आणि दुपारी मुक्काम पडला की घोडंच वळवून उभं करतो.

"घोडं वळवतो?" काका म्हणाले. त्यांचं तोंड हसरं झालं होतं. मग लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ते मला बघाया मिळंल का?"

मी कबूल केलंय. एक दिवाळी अशी येईल की पोरीला सुट्टी असेल, वसतिगृहातून मला रजा मिळेल आणि काकांचे गुडघे एसटीची पायरी चढतील. त्या दिवाळीला मी त्यांना जतला नेणार, माझ्या भावाच्या मेंढरांच्या वाड्यावर, भर दुपारी, घोड्यासमोर. भावाला फोन करून सांगून ठेवलंय, तोवर प्लेट विकू नको, आणि घोडंही.